डव्ह कॉटेज, ग्रासमिअर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी इंग्लंडच्या उत्तर भागात राहते. पुण्या-नाशिकहून कोणी आलं की एक दिवस लेक डिस्ट्रिक्ट या डोंगर-तळ्यांच्या भागासाठी ठरलेला असतो, आणि त्यातले दोनतीन तास ग्रासमिअरच्या डव्ह कॉटेजसाठी. विल्यम वर्ड्सवर्थ या इंग्रज कवीचं घर म्हणून सगळे येतात. आत शिरल्यावर मात्र जे प्रश्न सुरू होतात ते कवितेचे कमी आणि घराचे जास्त असतात. बांधलं कोणी, मालक कोण, एवढ्याशा जागेत किती माणसं राहायची, पुढे कोणाच्या हातात गेलं. मला हे प्रश्न फार योग्य वाटतात. घराचं वय चारशे वर्षांच्या आसपास आणि वर्ड्सवर्थ त्यात राहिला जेमतेम साडेआठ वर्षं. उरलेल्या काळातल्या माणसांनी हे घर वापरलं, सांभाळलं, म्हणून ते आज उभं आहे. त्यांचीही ओळख व्हावी म्हणून नेहमीचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे लिहून ठेवते आहे.

हे घर नेमकं कुठे आहे?

इंग्लंडच्या वायव्येला, कंब्रिया परगण्यात. जुन्या कागदपत्रांत हा भाग वेस्टमोरलँड म्हणून येतो. ग्रासमिअर हे गावाचं नाव आणि तळ्याचंही. गावाच्या कडेला टाउन एंड नावाची छोटी वस्ती आहे, तिथे रस्त्याला लागून हे पांढरं घर उभं आहे. मागे लगेच डोंगराचा चढ सुरू होतो. लेक डिस्ट्रिक्ट १९५१ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं आणि २०१७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलं.

घर कधी बांधलं? कोणासाठी?

सतराव्या शतकाच्या सुरुवातीला. कवीसाठी तर नाहीच, बहुधा राहण्यासाठीही नाही. अँबलसाइडहून केसिकला जाणारा मुख्य रस्ता तेव्हा याच दारावरून जात असे, आणि वाटसरूंना बिअर प्यायला, शेकायला, घटकाभर टेकायला ही जागा होती. वेस्टमोरलँडमधल्या पबांची १६१७ सालची एक यादी आहे, तिच्यात ‘डव्ह अँड ऑलिव्ह’ हे नाव सापडतं. म्हणजे पारवा आणि ऑलिव्हची डहाळी. नोहाच्या तारवाकडे चोचीत डहाळी धरून परतलेला तो बायबलमधला पक्षी पाटीवर असणार.

पब बंद झाला १७९३ मध्ये. म्हणजे पावणेदोनशे वर्षांच्या आसपास इथे गाडीवाले, मेंढपाळ, फेरीवाले येऊन बसत होते. तळमजल्यावर शिरलात की हा इतिहास लगेच कळतो. खाली पाटीच्या दगडाची फरशी आहे, चिखलाच्या बुटांनी कितीही माणसं आली तरी पाण्याने धुऊन काढता येईल अशी. भिंतींना ओकच्या काळपट फळ्या आहेत, त्यांच्यामुळे दगडी भिंतीचा गारवा पाठीला लागत नाही. हे सगळं गिऱ्हाइकांच्या सोयीचं होतं, कवीच्या वाट्याला ते आयतं आलं.

वर्ड्सवर्थला या भूतकाळाची जाणीव होती. त्याने आपल्या एका दीर्घ कवितेत लिहून ठेवलं आहे की जिथे पारवा आणि डहाळीची पाटी लटकत होती तिथे आता एक कवी राहतो, आणि तो पाणी पिणारा आहे. कवितेतला गाडीवान त्या दारावरून न थांबता पुढे जातो.

मग ‘डव्ह कॉटेज’ हे नाव त्यानेच दिलं का?

नाही. त्याच्या काळात या घराला हे नाव नव्हतं. पत्रांवर पत्ता ‘टाउन एंड, ग्रासमिअर’ एवढाच असे. ‘डव्ह कॉटेज’ हे नाव पुष्कळ नंतर, जुन्या पबच्या आठवणीवरून रूढ झालं. मला यात एक न्याय वाटतो. जगभरातून माणसं येतात ती कवीसाठी, पण तोंडी नाव असतं ते त्याच्या आधीच्या पबचं.

वर्ड्सवर्थने हे घर विकत घेतलं होतं का?

हा सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि उत्तर ऐकून सगळ्यांना थोडा धक्का बसतो. नाही. तो भाडेकरू होता. घराचा मालक जॉन बेन्सन नावाचा ग्रासमिअरचाच जमीनदार होता.

१७९९ च्या नोव्हेंबरमध्ये वर्ड्सवर्थ आणि त्याचा कवी मित्र कोलरिज या भागात पायी हिंडत होते, तेव्हा हे रिकामं घर त्याच्या नजरेत भरलं. महिनाभरात तो आणि त्याची बहीण डोरोथी डरहॅमकडच्या सॉकबर्नहून निघाले. ऐन हिवाळ्यात वेन्स्लीडेलच्या खोऱ्यातून बराचसा रस्ता चालत, २० डिसेंबर १७९९ च्या संध्याकाळी ते इथे पोचले. तो २९ वर्षांचा होता. तिला पाच दिवसांनी, नाताळच्या दिवशी, २८ पूर्ण झाली. आई लहानपणीच गेलेली, मग वडीलही, आणि भावंडं नातेवाइकांकडे विखुरली गेली होती. बहीणभावाला स्वतःचं म्हणता येईल असं छप्पर हवं होतं. भाड्याचं का होईना, ते इथे मिळालं.

पैशाची ओढाताण होती, आणि त्याला कारण होतं. वडील जेम्स लाउदर या बड्या उमरावाचे कारभारी होते, त्यांचे हजारो पौंड येणं होतं आणि लाउदरने हयातभर ते दिलं नाही. तो १८०२ मध्ये वारला, त्याच्या वारसाने हिशोब चुकता केला, पण तोवर इथली सुरुवातीची वर्षं गेली होती. रेस्ली कॅल्व्हर्ट नावाच्या तरुण मित्राने मरताना ठेवलेल्या ९०० पौंडांच्या आधारावर हे कवितेचं घर चालत होतं.

पुढेही वर्ड्सवर्थने राहतं घर कधी विकत घेतलं नाही. आयुष्याची शेवटची ३७ वर्षं तो जवळच्या रायडल माउंट या मोठ्या घरात राहिला, तेही भाड्याने. ते घर जाईल अशी भीती वाटली तेव्हा त्याने शेजारचा जमिनीचा तुकडा मात्र विकत घेतला. त्यावर घर कधीच झालं नाही, आज तिथे डॅफोडिल्सची पिवळी फुलं फुलतात.

घर आतून कसं आहे? किती खोल्या?

खाली चार, वर चार. ऐकायला मोठं वाटतं, पण खोल्या आपल्याकडच्या जुन्या घरातल्या माजघराएवढ्याही नाहीत.

पुढल्या दारातून आलात की ओकच्या फळ्यांची मुख्य खोली लागते. थॉमस डी क्विन्सी हा लेखक १८०७ मध्ये पहिल्यांदा इथे आला आणि त्याने तिचं माप लिहून ठेवलं: १६ फूट लांब, १२ फूट रुंद, उंची साडेआठ फुटांपेक्षा जास्त नाही. एकच खिडकी, तिला शंकरपाळ्याच्या आकाराच्या बारक्या काचा आणि बाहेरून चढलेले गुलाब. वर जायला जिना आहे, त्याच्या १४ पायऱ्या आहेत हेही त्याने मोजलं. वरची बसायची खोली त्याहून ठेंगणी. वर्ड्सवर्थची पुस्तकं तिथल्या कोनाड्यात मावत, दोनतीनशे फार तर.

तिथल्या खिडकीतून त्या काळी तळं सरळ दिसायचं. आता मध्ये घरं आली आहेत. पाहुण्यांना मी नेहमी सांगते, खिडकीशी उभे राहा आणि समोरची छपरं मनातल्या मनात पुसून टाका.

माझ्या मनात सगळ्यांत घर करून राहिलेली जागा मात्र खालची कोठी आहे, दूधलोणी ठेवायची. डोंगरातून येणारा एक ओहोळ तिच्या फरशीखालून वाहतो, त्यामुळे भर उन्हाळ्यातही ती खोली गार असते. सासूबाई आल्या होत्या तेव्हा कवीच्या खोलीत त्या फार थांबल्या नाहीत. कोठीत मात्र खाली वाकून त्यांनी फरशीवर हात टेकवला, मग तो गालाला लावला आणि म्हणाल्या, “इथे दही कधी आंबट होणार नाही गं.” घर ज्या बाईच्या हातात होतं तिने नेमकं हेच पाहिलं असणार.

घर उतारावर असल्याने मागची बाग उंचावर आहे. वरच्या मजल्यावरच्या माणसाला खाली न उतरता बागेत जाता येतं. बाग डोंगराला टेकून पायऱ्यापायऱ्यांनी चढत जाते.

वर्तमानपत्रं चिकटवलेली खोली खरी की पर्यटकांसाठी केलेली?

खोली खरी, आणि कल्पनाही खरी. १८०० च्या सप्टेंबरमध्ये मैत्रिणीला लिहिलेल्या पत्रात डोरोथीने घराची पूर्ण मांडणी सांगितली आहे. खालची खोली निजायला केली, पण फरशी दगडी म्हणून तिच्यावर चटया अंथरल्या. बसायचं वर. एक अडगळीची खोली. आणि एक छोटी, ठेंगणी, वर छत न घातलेली खोली, तिला आतून वर्तमानपत्रं चिकटवून तिथे एक लहान पलंग टाकला. नंतर मुलं तिथे निजत. तिच्या हातचे मूळ कागद अर्थातच राहिलेले नाहीत, आज दिसतात ते नंतर लावलेले आहेत. त्या खोलीत उभं राहिलं की थंडी अजून कळते. कागदाचा एकेक थर म्हणजे त्या घरातली रजई होती.

त्याच पत्रात घरकामाला येणाऱ्या साठीच्या बाईचा उल्लेख आहे. तिचं नाव मॉली फिशर. समोरच राहायची, रोज दोनतीन तास येऊन भांडी-झाडलोट करायची, आठवड्याला दोन शिलिंग घ्यायची. डोरोथीच्या रोजनिशीत ती पुनःपुन्हा भेटते. या घराच्या इतिहासातून तिला वगळलं तर मला तो अपुरा वाटतो.

एवढ्याशा घरात राहायचे तरी किती जण?

सुरुवातीला दोघं. १८०० मध्ये त्यांचा धाकटा भाऊ जॉन काही महिने राहिला. ४ ऑक्टोबर १८०२ ला विल्यमचं मेरी हचिन्सनशी लग्न झालं, म्हणजे तिघं. मग मुलं: १८०३ मध्ये जॉन, १८०४ मध्ये डोरा, १८०६ मध्ये थॉमस. मेरीची बहीण सारा बराच काळ इथेच. कोलरिज यायचा तो दिवसांच्या हिशोबाने नाही, आठवड्यांच्या. १८०५ मध्ये वॉल्टर स्कॉट हा स्कॉटिश लेखकही येऊन राहिला. दगडी भिंतींच्या आत आवाज फार फिरतो, आणि कवीला लिहायला शांतता हवी. म्हणून तो बागेत येरझारा घालत ओळी रचायचा आणि घरातल्या बायका त्या उतरवून घ्यायच्या. स्वतःच्या मनाच्या घडणीवरची त्याची प्रचंड कविता १८०५ च्या मे महिन्यात या घरात पुरी झाली. छापली गेली १८५० मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर.

डॅफोडिल्सची कविता इथेच लिहिली ना? फुलं इथलीच का?

कविता इथली, फुलं नाहीत. १५ एप्रिल १८०२ ला विल्यम आणि डोरोथी अल्सवॉटर या दुसऱ्या तळ्याच्या काठाने वाऱ्यात चालत येत होते, तेव्हा ती फुलं दिसली. डोरोथीने रोजनिशीत लिहिलं: काही फुलं दमून दगडांवर डोकं टेकवून पडली होती, बाकीची वाऱ्याबरोबर नाचत, हसत होती. विल्यमने कविता लिहिली दोनएक वर्षांनी, या घरात. ती १८०७ मध्ये प्रसिद्ध झाली.

शाळेत आपण कवितेतला ‘मी’ एकटा भटकताना पाहिला. प्रत्यक्षात शेजारी बहीण होती, आणि आधी शब्द तिचे होते. इतकंच नाही. एकांतात मनाच्या डोळ्यासमोर ती फुलं चमकून जातात अशा अर्थाच्या ज्या दोन ओळी आहेत, त्या मेरीच्या, असं वर्ड्सवर्थने स्वतः सांगितलं आहे, आणि कवितेतल्या सर्वांत चांगल्या ओळी त्याच असंही. वर ठेंगण्या छताखाली तिघं बसलेली आहेत, एकीची नोंद, दुसऱ्याची लय, तिसरीच्या दोन ओळी. मला ती कविता एका माणसाची वाटतच नाही, घराची वाटते.

या घराचा भारताशी काही संबंध आहे का?

आहे, आणि तो दुःखाचा आहे. वर सांगितलेला भाऊ जॉन ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवर होता. १८०० मध्ये तो इथे जानेवारीत आला आणि सप्टेंबरच्या अखेरीला गेला. समुद्रावर पैसा कमवावा आणि परत येऊन ग्रासमिअरला भावंडांजवळ स्थायिक व्हावं, भावाला कवितेसाठी मोकळं ठेवावं, हा त्याचा बेत होता. १८०५ च्या फेब्रुवारीत ‘अर्ल ऑफ ॲबरगॅव्हेनी’ हे मोठं जहाज त्याच्या हाताखाली बंगाल आणि चीनकडे निघालं. इंग्लंडचा किनारा सुटायच्या आधीच, ५ फेब्रुवारीला वेमथजवळ ते खडकाळ उथळावर आदळून बुडालं. अडीचशेहून जास्त माणसं गेली, कप्तान जॉनही गेला. त्या सफरीत वर्ड्सवर्थ कुटुंबाचेही पैसे गुंतलेले होते. बातमी या घरात पत्राने पोचली.

या घराचं साधेपण सांगताना हा धागा सोडायचा नसतो. चुन्याच्या पांढऱ्या भिंतींमागचं स्वप्न आपल्याकडच्या व्यापारावर उभं राहणार होतं.

मग त्यांनी घर का सोडलं?

मावेनात म्हणून. १८०८ च्या मे महिन्यात तीन मोठी बायामाणसं, कवी, तीन मुलं आणि चौथं वाटेवर. ते गावातल्या ॲलन बँक या मोठ्या घरात गेले. तिथल्या चुली-शेकोट्या इतका धूर ओकायच्या की सगळी बेजार झाली.

त्यानंतर कोण आलं? तो अफूवाला लेखक हाच का?

हाच. थॉमस डी क्विन्सी. हे घर समजून घ्यायचं तर त्याच्यापाशी नीट थांबायला हवं, कारण तो इथे वर्ड्सवर्थपेक्षा जास्त वर्षं राहिला आणि त्याहूनही जास्त वर्षं भाडं भरत राहिला.

तो वर्ड्सवर्थचा भक्त होता. विद्यार्थी असताना दोनदा भेटायला निघाला, एकदा तर समोरच्या डोंगराच्या कडेवरून हे पांढरं घर त्याला दिसलंही, पण धीर झाला नाही आणि तिथूनच मागे फिरला. १८०७ च्या नोव्हेंबरमध्ये अखेर उंबरा ओलांडला. वर्ड्सवर्थ मंडळी गेल्यावर १८०९ मध्ये त्याने हे घर भाड्याने घेतलं. त्याच्यासाठी घर लावलं ते डोरोथीने: पडदे, सामान, सुतारांकडून पुस्तकांची फडताळं. तिने स्वतःचं सुटलेलं घर दुसऱ्यासाठी सजवलं.

पुस्तकं आली ती हजारोंनी. त्याने स्वतःच पाच हजारांच्या जवळपास असल्याचं लिहिलं आहे. जिथे दोनतीनशे मावत होती तिथे पाच हजार. आणि बरोबर अफूचा अर्क, आधी दुखण्यावर म्हणून, मग रोजचा. १८२१ मध्ये त्याने आपल्या व्यसनाची जी कबुली छापली, तिच्यात याच घरातली हिवाळ्याची रात्र आहे: १७ फूट बाय १२ फुटांची खोली, साडेसात फूट उंच, पुस्तकांनी भरलेली, शेकोटी, चहाची किटली आणि माणकासारख्या लाल अर्काने भरलेलं पात्र. एके दिवशी दारात एक मलायी खलाशी येऊन उभा राहिला तो प्रसंगही त्यातच आहे. स्वयंपाकघरातली पोरगी घाबरून वर बोलवायला आली. डी क्विन्सीला मलायी येत नव्हती, म्हणून तो त्याच्याशी होमरच्या ग्रीकमध्ये बोलला आणि जाताना त्याला अफूचा खडा दिला.

वर्ड्सवर्थ कुटुंबाशी बिनसलं ते बागेवरून. बागेच्या माथ्यावर त्या मंडळींनी १८०४ मध्ये एक गोल झोपडी बांधली होती, आतून शेवाळाने मढवलेली, पक्ष्याच्या घरट्यासारखी. १८११ मध्ये डी क्विन्सीने ती पाडली आणि कुंपणाची, बागेतली झाडं छाटून टाकली, उजेड यावा म्हणून. डोरोथी इतकी दुखावली की त्याच्याशी बोलायचं नाही असं तिने ठरवलं. कायद्याने पाहिलं तर तिचा त्या झाडांवर काही हक्क नव्हता. पण ज्याने रोप लावलं त्याला हे कसं समजावणार? आपल्याकडे घर विकल्यानंतर परसातला आंबा तोडला की जुन्या मालकिणीच्या डोळ्यांत पाणी येतं, तसंच हे.

त्याला निव्वळ व्यसनी म्हणून निकालात काढू नका. वर्ड्सवर्थची लहानगी कॅथरिन १८१२ मध्ये गेली, तेव्हा तिच्यावर जीव असलेला हा माणूस रात्रीच्या रात्री तिच्या थडग्यावर जाऊन पडत असे. १८१७ मध्ये त्याने जवळच्या शेतकऱ्याच्या मुलीशी, मार्गारेट सिम्प्सनशी लग्न केलं. पहिला मुलगा आधीच झाला होता, त्यामुळे गावात नाकं मुरडली गेली, पण संसार टिकला. १८२० मध्ये ते दुसऱ्या घरात गेले तरी पुस्तकं इथेच राहिली. हे कॉटेज पुढे १८३५ पर्यंत त्याच्या पुस्तकांचं कोठार होतं.

१८३५ नंतर?

साधे भाडेकरू येत-जात राहिले. रस्त्याची दिशा बदलली, समोर नवी घरं झाली, वर्ड्सवर्थ रायडलला प्रसिद्ध झाला आणि १८५० मध्ये वारला. या वर्षांत कोणी मोठा माणूस इथे राहिला नाही, आणि माझ्या मते त्यामुळेच घर वाचलं. पैसेवाला मालक आला असता तर खिडक्या रुंद झाल्या असत्या आणि ओकच्या फळ्या निघाल्या असत्या.

आज मालक कोण? स्मारक कसं झालं?

वर्ड्सवर्थ ट्रस्ट. स्टॉपफर्ड ब्रूक या धर्मोपदेशक-समीक्षकाने पुढाकार घेतला, एक पुस्तिका लिहून लोकांना आवाहन केलं, वर्गणी जमली आणि १८९० मध्ये ६५० पौंडांना घर विकत घेतलं गेलं. १८९१ पासून ते लोकांना खुलं आहे. शेक्सपिअरचं जन्मघर १८४७ मध्ये असंच लोकवर्गणीतून घेतलं होतं, तो दाखला सगळ्यांसमोर होता. नॅशनल ट्रस्ट ही जुन्या वास्तू जपणारी संस्था तेव्हा जन्मालाही यायची होती, ती १८९५ ची.

कवीचा नातू गॉर्डन वर्ड्सवर्थ याने घरातली हस्तलिखितं ट्रस्टला दिली, डोरोथीच्या रोजनिशीच्या वह्या त्यांतच. आज शेजारी संग्रहालय आहे आणि २००५ मध्ये उघडलेलं जर्वुड सेंटर हे हस्तलिखितांचं घर. त्याचं उद्घाटन आयरिश कवी सीमस हीनी याने केलं.

आता दिसतं ते मूळचं किती?

दगड, फरशी, ओकच्या फळ्या, खोल्यांची रचना हे सगळं जुनं. इमारत पहिल्या श्रेणीची संरक्षित वास्तू आहे, म्हणजे खिळा ठोकायचा तरी विचार करावा लागतो. सामान काही वर्ड्सवर्थ कुटुंबाचं, काही त्या काळातलं. २०२० मध्ये कवीच्या जन्माला २५० वर्षं झाली, त्या निमित्ताने घर आणि संग्रहालय दोन्हींची मोठी दुरुस्ती झाली.

बाहेरचा पांढरा रंग हा रंग नसून चुन्याची सफेदी आहे, हे मी मुद्दाम सांगते. असल्या दगडी भिंतीत पाणी शिरतंच. चुना ते बाहेर सोडतो. आमच्या साताऱ्याकडच्या घराच्या दगडी भिंतींना वडिलांच्या हयातीत सिमेंटचा गिलावा केला होता. मजबुतीसाठीच केला होता. चौथ्या पावसाळ्यात आतून पोपडे सुटले, दिवाळीतही भिंतीला हात लावला तर ओला. शेवटी सगळा गिलावा खरवडून चुना लावला तेव्हा कुठे भिंत सुकली. डव्ह कॉटेजच्या भिंतीवर चुन्याचे थर बोटाला जाणवतात तेव्हा मला ते आठवतं. तुमच्या गावाकडे दगडी घर असेल तर एवढं मनावर घ्या.

हिल टॉप आणि हे एकच का? आणि मालगुंडसारखं काही आहे का इथे?

हिल टॉप वेगळं. ते निअर सॉरी गावात, पीटर रॅबिटच्या गोष्टी लिहिणाऱ्या बिआट्रिक्स पॉटरचं. तिने ते १९०५ मध्ये स्वतःच्या कमाईने विकत घेतलं आणि मृत्यूनंतर नॅशनल ट्रस्टला दिलं. तिथे राहणारी आणि मालकीण एकच.

मालगुंडची आठवण मात्र बरोबर आहे. कोकण मराठी साहित्य परिषदेने गणपतीपुळ्याजवळ केशवसुतांचं घर असंच जपलं आहे, तिथेही लहान खोल्या आणि मोठी कविता. दोन्ही घरं पाहिलेला माणूस भेटला की मी त्याला सोडत नाही.

कसं जायचं? किती वेळ ठेवावा?

रेल्वेने विंडरमिअरपर्यंत, पुढे ५५५ नंबरची बस. (ही रेल्वे इथवर आणायला वर्ड्सवर्थने १८४४ मध्ये कडाडून विरोध केला होता. ती १८४७ मध्ये आलीच.) आत ठेंगणी दारं, अरुंद जिना, उंच-सखल फरशी आहे, गुडघ्यांचा त्रास असेल तर सोबत कोणी असू द्या. गावात सेंट ऑस्वाल्ड चर्चच्या आवारात विल्यम, मेरी आणि डोरोथी यांची थडगी आहेत. तिथेच कोपऱ्यावर १८५४ पासून चालू असलेलं जिंजरब्रेडचं दुकान. डव्ह कॉटेजवरून वर जाणारी जुनी पायवाट रायडलपर्यंत नेते, पूर्वी प्रेतं वाहून न्यायची वाट ती. जमलं तर तेवढी चालाच.

कोणत्या महिन्यात जावं?

डॅफोडिल्ससाठी मार्चची अखेर ते एप्रिल. मी मात्र ऑक्टोबरचा पहिला आठवडा निवडते. लग्न लावून विल्यम, मेरी आणि डोरोथी ६ ऑक्टोबर १८०२ च्या संध्याकाळी या घरी परतले. जुलैपासून बहीणभाऊ घरी नव्हते. अंधार पडला होता, तरी तिघं आधी बागेत गेली, मेणबत्ती घेऊन, आपण नसताना झाडं किती वाढली ते बघायला. डोरोथीने लिहिलं आहे की वाढ बघून आम्ही थक्क झालो. बागेच्या वरच्या टप्प्यावर त्या सुमारास पाच वाजताच सावली उतरते, आणि तिथून खाली पाहिलं की घराचं काळं पाटीचं छप्पर आणि चुन्याची पांढरी भिंत एवढंच उजेडात राहतं.